एकहाती, पण दोन्ही हातांनी

मालवणहून प्रश्न आलाय: 'एकहाती सागरी परिक्रमा' असं वाचलं. शीड काय एका हाताने ओढतात? 'एकट्याने केलेली' लिहिलं तर काय बिघडतं?

'एकहाती'मधला हात म्हणजे कामाला लागलेला माणूस, 'शेतावर चार हात कमी पडतात' म्हणतो तसा. मात्र नुसतं एकट्याने केलं म्हणून काम एकहाती होत नाही. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, मच्छीमार एकटाच टाकतो. त्याला दोन्ही हात लागतात, वर जाळ्याची कड दातांत धरावी लागते. पण 'एकहाती पागलं' कोणी म्हणत नाही, कारण तिथे दुसऱ्याची गरजच नसते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तिचे दोर ओढायला मात्र बरीच माणसं लागतात. रापण कोणी एकट्याने ओढलीच, तर ती एकहाती! चारचौघांचं काम एकाने निभावलं, हे या शब्दात येतं. 'एकट्याने'मध्ये ते येईलच असं नाही.

म्हणून नौदलाच्या दिलीप दोंदे यांची २००९-१० मधली शिडाच्या नौकेतली पृथ्वीपरिक्रमा एकहाती. त्यांची नौका 'म्हादेई' ५६ फुटी, आणि तिच्यावर दुसरा माणूस नाही. वाटेत ते चार बंदरांत थांबले, तरी शब्द चुकत नाही. नौदलाचेच अभिलाष टॉमी २०१२-१३ च्या त्यांच्या परिक्रमेत कुठेच थांबले नाहीत. तिथे 'विनाथांबा' हे वेगळं विशेषण जोडावं लागतं. २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दोन महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून परिक्रमा केली. तिला 'दुहाती' म्हणू नये, त्याने दोन्ही हातांनी धरायची तलवार डोळ्यांपुढे येते. सरळ 'दोघींची परिक्रमा' म्हणावं.

वापरताना घोटाळा होतो तो विशेषण माणसाला लावल्यावर. मोहीम एकहाती, कारभार एकहाती. पण 'एकहाती खलाशी' म्हटलं की एक हात नसलेला वाटतो. माणसासाठी 'एकांडा' आहे. एकांडा शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन, कुणाच्या पथकात न शिरता चाकरी करणारा. त्यात थोडा तऱ्हेवाईकपणाही ध्वनित होतो, तेव्हा सत्कारपत्रात जपून.

'एकांडा' लिंगवचनाप्रमाणे बदलतो, 'एकहाती' नाही. 'त्याने एकहाती किल्ला लढवला' यात तेच क्रियाविशेषणही होतं, 'एकहातीपणे' नको. क्रिकेटात मात्र सांभाळा: 'सामना एकहाती जिंकला' हे लाक्षणिक, 'एकहाती झेल' हा खरोखरच एका हाताने घेतलेला.