खोलीचं माप खिशात घेऊन प्रदर्शनाला जा

मुंबईत गोरेगाव पूर्वेला नेस्कोच्या संकुलात साधारण मेअखेरीस पाम एक्स्पो हे ध्वनी आणि प्रकाश व्यवसायाचं मोठं प्रदर्शन भरतं. स्टुडिओची नवी उपकरणं हाताळून बघायची ही चांगली संधी. खानदेशातून त्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (शहादा): अहिराणी गाणी आणि भजनं रेकॉर्ड करणारा छोटा स्टुडिओ आहे. दीड लाखापर्यंत खर्च करू शकतो. प्रदर्शनाला पहिल्यांदाच जातोय. काय बघू आणि कसं बघू?

निघण्याआधी घरी अर्धा तास काढा आणि आत्ताच्या सामानात नेमकं काय कमी पडतंय ते शोधा. नेहमीचा माईक लावा, गायकासाठी ठेवता तेवढाच गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) ठेवा आणि कोणीही न बोलता तीस सेकंद रेकॉर्ड करा. एकदा पंखा चालू असताना, एकदा पंखा बंद करून, आणि तिसऱ्यांदा माईक जाड गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवून. तिन्ही वेळचा मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. पंखा बंद केल्यावर आवाज बराच उतरला, तर खरा खर्च खोलीवर करायचा आहे. नवा माईक पंखा आणखी स्वच्छ ऐकवेल, एवढंच. गोधडीतही खरखर तशीच राहिली, तर प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) किंवा माईकच कमजोर आहे. मग इंटरफेसच्या (माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) स्टॉलवर जाण्यात अर्थ आहे.

हा कागद, खोलीची लांबी-रुंदी-उंची आणि आत्ताच्या उपकरणांची यादी सोबत न्या. कानावर बसणारा, बंद कपांचा स्वतःचा हेडफोन, मोठ्या पिनचा अॅडाप्टर आणि पेन ड्राइव्हवर तीन रेकॉर्डिंग घ्या. त्यातलं एक तुमचं, तुम्हाला न आवडलेलं असावं. त्यातला दोष नव्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर लगेच ओळखू येतो का, हे तिथे तपासता येतं. फायली एमपी३ नकोत, वेव्ह हव्यात.

सभागृहात इतका गोंगाट असतो की माईकचा स्वतःचा खरखराट किंवा स्पीकरचा खालचा पट्टा तिथे कळत नाही. त्यासाठी बंद डेमो-खोलीत वेळ मागा, आणि दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून मागा. एखादा डेसिबलनं मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाच सरस वाटतो. उघड्या स्टॉलवर बाकीच्या गोष्टी बघा: नॉब फिरवताना डावी-उजवी बाजू सारखी चढते का, एक्सएलआर (माईकच्या तारेचा तीन पिनांचा कनेक्टर) घट्ट बसतो का, हेडफोनचा आवाज पूर्ण चढवल्यावर फाटतो का.

इंटरफेस बघताना दोन आकडे विचारा. पहिला, माईकचा गेन किती. शुअर एसएम७बीसारख्या कमी सिग्नल देणाऱ्या डायनॅमिक माईकला निदान ६० डेसिबल लागतात. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२ च्या चौथ्या पिढीत ६९ आहेत, म्हणून मध्ये वेगळा बूस्टर लागत नाही. दुसरा आकडा प्रीअँपच्या नॉइजचा, म्हणजे ईआयएन. तो उणे १२८ डीबीयूच्या आसपास असेल तर उत्तम. १५० ओहमच्या माईकसाठी भौतिकशास्त्राची हद्दच उणे १३१ च्या जवळ आहे, त्यामुळे त्यापुढच्या दाव्यांना पैसे मोजू नका.

खानदेशासाठी तिसरा प्रश्नही तितकाच मोलाचा. अनेक इंटरफेसच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४३-४४ अंश असताना पत्र्याखालच्या खोलीत बंद रॅकमध्ये काय होईल, हे स्टॉलवरच्या तंत्रज्ञाला स्पष्ट विचारा. हवा कुठून आत येते, पंखा आहे का, असल्यास तो माईकमध्ये ऐकू येईल का? विक्रीवाल्यापेक्षा सर्व्हिसचा माणूस गाठा, उत्तर खरं मिळतं.

नंदुरबार-दोंडाईचाकडून सुरतमार्गे येत असाल तर बोरिवलीला उतरून धीम्या लोकलनं राम मंदिर स्टेशन गाठा. जळगाव-भुसावळकडच्यांनी दादरला गाडी बदलावी. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन आधीच करा आणि व्हिजिटिंग कार्डं जवळ ठेवा.

प्रश्न (पिंपळनेर): आदिवासींच्या डोंगऱ्या देव उत्सवातली पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि ढोल जागेवर जाऊन रेकॉर्ड करतो. ढोल अचानक जोरात वाजला की रेकॉर्डिंग फाटतं. ३२-बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यात हे होतच नाही म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही तर पैसे वाया जातील.

झूम एफ३ सारख्या रेकॉर्डरमध्ये प्रत्येक इनपुटला दोन कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारे भाग) असतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी. दोघांची जोड ३२-बिट फ्लोट फाइलमध्ये (खूप हळू ते खूप मोठा आवाज एकत्र मावणाऱ्या प्रकारात) जाते, म्हणून त्यावर गेनचा नॉबच नाही. लाल रेषा ओलांडलेला भाग नंतर संगणकावर खाली ओढला की लाट अख्खी मिळते. २४-बिटला सिद्धांतानं १४४ डेसिबलची जागा असते, पण पातळी आधी ठरवावी लागते, आणि उत्सवात ती ठरवायला कोणी थांबत नाही. तुमच्या कामाला हे तंत्र मनापासून सुचवावंसं वाटतं.

पण फाटणं तीन ठिकाणी होतं. एक कन्व्हर्टरमध्ये, ते इथे सुटतं. दुसरं खुद्द माईकमध्ये. कंडेन्सर माईकची कमाल ध्वनिपातळी १२० डेसिबल असेल आणि तो ढोलाच्या तोंडाशी हातभर अंतरावर धरला, तर माईकच्या आतलं सर्किटच फाटलेला सिग्नल पाठवतं. तो कोणताही रेकॉर्डर दुरुस्त करू शकत नाही. स्टॉलवर माईकचा कमाल एसपीएल विचारा. १३० च्या वर हवा, किंवा १० डेसिबलचं पॅड (सिग्नल तेवढा खाली आणणारी सोय) हवं. ढोलाला साधा डायनॅमिक माईकही चालतो. तिसरं ठिकाण शेवटचं: फाइल २४ किंवा १६-बिटमध्ये काढताना पातळी आधी खाली आणली नाही, तर ती तिथे कायमची कापली जाते. बरेच जण इथेच चुकतात आणि दोष रेकॉर्डरला देतात.

४८ किलोहर्ट्झवर दोन चॅनेलच्या ३२-बिट फाइलला तासाला सुमारे १.४ जीबी लागतात. रात्रभराच्या कार्यक्रमाला ३२ जीबीचं कार्ड पुरेल. एफ३ दोन पेन्सिल सेलवर चालतो खरा, पण ४८ व्होल्टचा फँटम (कंडेन्सर माईकला तारेतून दिली जाणारी वीज) चालू असताना ते लवकर संपतात, म्हणून पॉवर बँक जोडा. उघड्यावर माईकला फोमऐवजी केसाळ कव्हर घाला. वाऱ्याचा दणका ही हवेचीच धडक असते. ती माईकचा पडदा ढकलते आणि फ्लोट तिथे हतबल आहे.

प्रश्न (पारोळा): खोली १० बाय १०, उंचीही १० फूट. आठ इंची मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) घ्यावेत असं मनात आहे.

नका घेऊ. तिन्ही मापं सारखी असल्यानं तिन्ही दिशांचा पहिला अनुनाद (खोली स्वतःच फुगवते तो सूर) एकाच जागी, ५६ हर्ट्झच्या आसपास साठतो. ढोलकीचा धुम आणि बास गिटारचे काही स्वर तिथे फुगतील, आणि खोलीच्या मधोमध बसलात तर तेच गायब होतील. आठ इंची स्पीकर ही जखम मोठी करतो. पाच इंची घ्या, उरलेले पैसे कोपऱ्यांवर लावा.

घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे चार इंची पॅनेल कापडात शिवून, भिंतीपासून चार इंच सोडून उभे करा. पहिले चार कोपऱ्यांत तिरपे, मग बसता तिथल्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर. अंड्याचे ट्रे आणि पातळ फोम फक्त वरचा चुरचुरीत आवाज खातात. मग खोली आणखीच घुमी वाटते. आपल्याकडे कापूस मुबलक म्हणून सुटा कापूस भरण्याचा मोह होतो. तो वर्षभरात खाली बसतो, त्यात उंदीर होतात आणि ठिणगी पडली तर भडकतो. कापूस वापरू नका.

प्रदर्शनात मोजणीचा माईक जरूर बघा. मिनीडीएसपीच्या उमिक-१ सोबत प्रत्येक नगाची स्वतंत्र कॅलिब्रेशन फाइल मिळते, आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पॅनेल लावण्याआधी आणि नंतर मोजा.

प्रश्न (भुसावळ): लाइट जाते-येते, इन्व्हर्टरवर गेलं की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. चांगला पॉवर कंडिशनर कोणता बघू?

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबला तर दोष चार्जर-अर्थिंगच्या फेऱ्यात आहे: सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशनवर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो तीनच्या वर असेल तर अर्थिंग आधी दुरुस्त करा. अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका. फॉल्ट आला तर माईकच्या धातूतून गायकाला शॉक बसतो.

आवाज फक्त इन्व्हर्टरवर येत असेल, तर तो बहुधा स्क्वेअर वेव्हचा (स्वस्त इन्व्हर्टरच्या खडबडीत विजेचा) आहे. प्युअर साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस घ्या. दोन पाच इंची मॉनिटर, लॅपटॉप आणि इंटरफेस मिळून २५०-३०० वॉट होतात, त्यामुळे १ केव्हीए पुरतो. एसी किंवा लेझर प्रिंटर त्याला जोडू नका. सर्व्हो स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो, पण लाइट गेली की तोही थांबतो.

प्रश्न (चाळीसगाव): डॉल्बी अॅटमॉसची (चहूबाजूंनी आणि वरून येणाऱ्या आवाजाची) तयारी आत्ताच करावी का?

७.१.४ मांडणीला (भोवती सात, खालच्या सुरांचा एक, वर चार) बारा स्पीकर, तितकेच आउटपुट आणि त्या मापाची खोली लागते. गिऱ्हाईक ते मागत नसेल तर थांबा. शिकायचं असेल तर हेडफोनवरच्या बायनॉरल (दोन कानांतच चहूबाजूंचा भास देणाऱ्या) मिक्सनं सुरुवात करा.

प्रश्न (अमळनेर): प्रदर्शनातली सूट खरी असते का? तिथेच पैसे भरू का?

दर लिहून घ्या, जीएसटी धरून की सोडून ते विचारा, आणि जळगाव किंवा नाशिकच्या विक्रेत्याकडून तोच दर मागवा. पैसे देताना बिलावर सिरियल नंबर आणि भारतातल्या अधिकृत वितरकाचं नाव हवं. परदेशातून आलेल्या नगाची वॉरंटी इथे नाकारली जाऊ शकते. डेमो पीस घेत असाल तर ‘डेमो’ असं बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून ते नमूद करून घ्या. दुरुस्तीला नग कुठे पाठवायचा आणि जाण्या-येण्याचं कुरिअर कोण भरणार, हेही तिथेच विचारा. मुंबईला मॉनिटरची जोडी पाठवून परत आणायचा खर्च कधी कधी मिळालेल्या सवलतीपेक्षा जास्त भरतो.