वाचकांचे प्रश्न : हंगामी पक्षीगणनेचं काम

प्रश्न : बी.एस्सी. झाली आहे. जांबोटी-कणकुंबी भागात मार्च ते मे पक्षी सर्वेक्षणाचं काम मिळतंय. पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात. तेवढं पुरतं का? (वाचक, खानापूर)

उत्तर : डोळ्यांनी ओळखता येत असतील तर अर्धंच काम झालं. त्या दाट रानात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, आणि बऱ्याचदा दिसतच नाही. रुजू होण्याआधी तिथल्या नेहमीच्या तीस-पस्तीस पक्ष्यांचे आवाज पक्के करा. तपकिरी डोक्याचा आणि पांढऱ्या गालाचा, या दोन तांबटांच्या ‘कुटरू कुटरू’त नवखे हमखास फसतात. भृंगराज पक्षी तर नकलाकारच. एकाच झाडावरून चार जातींचे आवाज लागोपाठ आले की आधी त्याचा संशय घ्यावा. आवाज ओळखणारं अॅप घरी सरावाला उत्तम, पण त्याच्या भरवशावर पत्रक भरू नका. खात्री नसेल तर ‘अनोळखी तांबट’ लिहा. अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी कामाची असते.

प्रश्न : ठरवून दिलेल्या जागी (पॉइंटवर) उभं राहून पक्ष्यांची मोजणी करतो. अंतरं चुकीची म्हणून पत्रकं परत येतात. कुठे चुकत असेल? (वाचक, बेळगाव)

उत्तर : बहुधा तीन ठिकाणी.

पहिलं, तिरकं अंतर. पत्रकात हवं असतं ते जमिनीवरचं सरळ अंतर, तुमच्या पायापासून पक्ष्याच्या बरोबर खालच्या जागेपर्यंत. पक्षी २४ मीटर उंच फांदीवर असेल आणि रेंजफाइंडर (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) ४० मीटर दाखवत असेल, तर खरं अंतर ३२ मीटरच. सपाट जागी डोळ्याच्या उंचीवर त्या झाडाच्या खोडापर्यंतचं अंतर मोजलं की हा घोळ मिटतो. शिवाय लेझर पानांतून आरपार जात नाही, मधल्या फांदीवरून परततो. म्हणून मोकळं खोड शोधा आणि दोनदा मोजा.

दुसरं, गोल आकडे. सगळी अंतरं १०, २०, ५० अशीच दिसली की पत्रक तपासणाऱ्याला लगेच कळतं. ऐकू आलेल्या पक्ष्यांचं अंतर अंदाजानेच लिहावं लागतं, त्यामुळे रोज मोजणीआधी पाच-सहा खोडांवर आधी अंदाज, मग मोजमाप असा सराव करा. ही चूक लहान वाटते, पण घनता, म्हणजे ठराविक क्षेत्रात किती पक्षी, ही अंतराच्या वर्गावर (अंतर गुणिले अंतर) अवलंबून असते: सगळी अंतरं २० टक्के कमी लिहिली तर पक्ष्यांची घनता दीडपटीहून जास्त निघते!

तिसरं, तुमच्या चाहुलीने उडालेले पक्षी. ते जिथे आधी होते तिथलं अंतर लिहायचं, जिथे जाऊन बसले तिथलं नव्हे. नाहीतर पॉइंटच्या आसपास पक्षीच नाहीत असं चित्र उमटतं आणि घनता कमी भरते. नुसते डोक्यावरून उडत गेलेले वेगळ्या रकान्यात.

बाकी शिस्त तुमच्या प्रकल्पाच्या नियमांप्रमाणे. साधारणपणे पोहोचल्यावर एक-दोन मिनिटं गप्प उभं राहून मग ५ किंवा १० मिनिटं मोजतात. दोन पॉइंटांत २०० ते २५० मीटर, आणि उजाडल्यापासून तीनेक तासांत काम आटोपतं. बारीक फांद्या सतत हलू लागल्या किंवा पाऊस आला की थांबा. चोर्ल्याकडच्या घाटमाथ्यावर वारा आणि धुकं यांसाठी राखीव दिवस धरलेलेच बरे. ओढ्याच्या खळखळाटात आवाज बुडत असेल तर तशी नोंद करा, पॉइंट मनाने हलवू नका. काहीच आढळलं नाही तर शून्य लिहा. कोरी ओळ म्हणजे मोजलंच नाही की मोजून काही मिळालं नाही, हे कुणालाच कळत नाही.

प्रश्न : भीमगड अभयारण्याच्या जंगलात काम आहे. परवानगी मी काढायची का? घरचे अस्वल आणि माकडतापाला भितात. (वाचक, निपाणी)

उत्तर : परवानगी प्रकल्पाने काढायची. अभयारण्यात अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम २८ प्रमाणे ती लागते. पत्रात तुमचं नाव आहे ना ते पाहा, प्रत खिशात ठेवा. नाक्यावर कन्नड अर्जाची प्रतही उपयोगी पडते.

अस्वल अचानक समोर आलेल्या माणसावर धावतं. म्हणून एकट्याने जाऊ नका, वाटेत बोलत चाला, गप्प राहायचं ते पॉइंटवरच. गवा वाटेत असेल तर वाट त्याची.

माकडताप गोचिडीमार्फत पसरतो, डिसेंबर ते मे जास्त. पॅन्ट मोज्यात खोचा, पानांच्या ढिगावर बसू नका, परतल्यावर अंग तपासा, मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला कळवा. ताप आला तर डॉक्टरांना जंगलात होतो हे आधी सांगा. आणि करारात मुक्काम, पेट्रोल व विमा लेखी घ्या.