सत्ताधारी बाकांवरून सरकारला विरोध

प्रश्न : केळीच्या पीकविम्याची रक्कम गेल्या हंगामात आमच्या गावातील बऱ्याच शेतकऱ्यांना मिळाली नाही. सत्ताधारी पक्षाचे पुढारी हे खाजगीत मान्य करतात, पण ‘आपल्याच सरकारविरुद्ध सभागृहात कसे बोलणार?’ असे विचारतात. ब्रिटनमध्ये मात्र सत्ताधारी खासदारही सरकारी धोरणावर उघड टीका करतात, असे वाचनात आले. त्यांना हे कसे जमते? त्यांची खासदारकी जात नाही काय?
— एक शेतकरी वाचक, यावल तालुका

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्याचे मूळ त्यातच आहे. नाही, तेथे खासदारकी जात नाही. कॉमन्स या तेथील लोकनियुक्त सभागृहातील ६५० सदस्यांना त्यांच्या पक्षाचे प्रतोद, म्हणजे मतदानात पक्षशिस्त सांभाळणारे सदस्य, आठवड्याच्या कामकाजाचे पत्रक पाठवतात आणि ज्या मतदानाला हजर राहणे अनिवार्य असेल त्याखाली तीन रेघा ओढतात. हा तीन रेघांचा आदेश मोडणाऱ्याला पक्ष आपल्या संसदीय गटातून काढू शकतो, पुढील निवडणुकीत उमेदवारी नाकारू शकतो. परंतु मतदारांनी दिलेली जागा पक्षाला काढून घेता येत नाही. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, आणि पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा किंवा परवानगीवाचून मतदान टाळणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले नाही, तर अपात्र ठरू शकतो. घोडेबाजार रोखण्यासाठी केलेल्या या तरतुदीने प्रामाणिक मतभेदाचीही वाट अरुंद केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण शेतकरी आहात म्हणून शेतीचेच उदाहरण देतो. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात मजूर पक्षाच्या सरकारने दहा लाख पौंडांपेक्षा अधिक किमतीच्या शेतमालमत्तेवर वारसा कर लावण्याचे जाहीर केले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनमध्ये उतरले आणि ग्रामीण भागातून निवडून आलेल्या मजूर खासदारांची कोंडी झाली. वर्षभर ते सभागृहात आणि मंत्र्यांच्या भेटीत हा विषय मांडत राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान आले तेव्हा अनेकांनी मत दिलेच नाही, तर कंब्रिया भागातील एका सदस्याने सरळ विरोधात मत दिले आणि पक्षाने त्याला निलंबित केले. त्याच महिन्यात सरकारने ती मर्यादा पंचवीस लाख पौंडांपर्यंत वाढवली.

विरोधातले मत देणे तेथे डोळ्यांना दिसते. घंटा वाजू लागल्या की आठ मिनिटांत सदस्यांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोन दालनांपैकी एकात चालत जायचे, मग दारे बंद होतात. स्वपक्षाचे सहकारी एका दाराकडे निघालेले असताना एकट्याने दुसऱ्या दाराकडे वळायला धैर्य लागते.

मंत्र्याला मात्र ही मोकळीक नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय पटत नसेल तर त्याने पद सोडावे, असा संकेत आहे. इराक युद्धाच्या प्रश्नावर रॉबिन कुक यांनी १७ मार्च २००३ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मागच्या बाकांवरून, म्हणजे मंत्री नसलेले सदस्य बसतात तेथून, आपली भूमिका मांडली. दुसऱ्या दिवशी मजूर पक्षाच्या १३९ सदस्यांनी सरकारविरोधी दुरुस्तीला मत दिले. विरोधी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या पाठिंब्यामुळे सरकार तरले.

बोलण्याचे इतर मार्ग पुष्कळ आहेत. बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात, पण त्या अर्ध्या तासात गोंगाटच अधिक. सदस्यांच्या सह्या गोळा करणारे लेखी प्रस्तावही मांडले जातात, मात्र त्यांवर चर्चा क्वचितच होते. मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या १९७९ पासूनच्या खातेनिहाय समित्या, जिथे मंत्र्याला समोर बसवून कागदपत्रांसह उलटतपासणी होते. बहुतेक समित्यांचे अध्यक्ष २०१० पासून गुप्त मतदानाने निवडले जात असल्यामुळे प्रतोदांचा हात तिथवर सहजी पोहोचत नाही.

तरीही किंमत मोजावी लागतेच. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, प्रश्नावर आपल्याच सरकारविरुद्ध मत देणाऱ्या हुजूर पक्षाच्या २१ सदस्यांना गटाबाहेर काढले गेले आणि डिसेंबरच्या निवडणुकीनंतर त्यांतील बहुतेक सभागृहात दिसले नाहीत. शिवाय ठराव जिंकला म्हणजे धोरण बदललेच असेही नाही. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनमधील फिन्सबरीतून उदारमतवादी पक्षातर्फे अवघ्या पाच मतांनी निवडून आले. पुढील वर्षी सनदी सेवेची परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव त्यांच्याच पक्षाच्या सरकारची इच्छा नसताना कॉमन्सने मंजूर केला, आणि सरकारने तो अमलात आणलाच नाही.

आता आपल्या गावाविषयी. पक्षादेशाची अडचण मुख्यतः मतदानापुरती आहे. प्रश्न विचारायला ती आड येत नाही. सत्ताधारी खासदारही अतारांकित प्रश्न देऊन मंत्र्याकडून लेखी उत्तर मागू शकतो, किंवा लोकसभेत नियम ३७७ खाली विषय मांडू शकतो. म्हणून ‘विम्याचे काहीतरी करा’ असे निवेदन देऊ नका. कोणत्या महसूल मंडळात, कोणत्या तारखांच्या तापमानासाठी किंवा वाऱ्यासाठी, किती शेतकऱ्यांची रक्कम थकली, हे एका कागदावर लिहून त्यावरच प्रश्न द्यावा, असे आपल्या खासदारांना सांगा, आणि उत्तराची प्रत मागून घ्या.