खारेपाटातला वाल आणि उपग्रहाचा नकाशा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात किनाऱ्याजवळच्या खारेपाटातल्या, म्हणजे बांध घालून समुद्रापासून राखलेल्या खाऱ्या जमिनीतल्या भातखाचरात, भात कापल्यावर कडधान्य कुठे घेता येईल याचे नकाशे कसे बनवतात यावर लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले, बहुतेक रायगडातून आणि बहुतेक वालाबद्दलच. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक इथे घेतेय.

प्रश्न: ताई, एका नकाशात आमचा अख्खा पट्टा लाल म्हणजे 'अयोग्य' दाखवलाय. पण गावाकडच्या बाजूला आजोबांपासून आमच्याकडे वाल होतोय, पोपटीला (मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला) शेंगा घरच्याच असतात. आता योजनेत नाव घालायचं तर हा नकाशा आडवा येतो. करायचं काय? (शेतकरी, खारेपाट, अलिबाग तालुका)

दादा, तुमचा वाल खरा. जिथे पिढ्यानपिढ्या शेंगा येतायत तिथे 'अयोग्य' लिहिणारा नकाशा बहुतेक वेळा त्या कामासाठी केलेलाच नसतो. राज्य-जिल्ह्याच्या नियोजनाचे मातीचे नकाशे साधारण 1:250000 मापाचे असतात, म्हणजे कागदावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 250 मीटर. आता खारेपाटात 250 मीटरात काय काय बदलतं हे मी तुम्हाला सांगायला नको, उघाडीजवळच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळच्या) खाचरात मार्चला पांढरा थर दिसतो आणि गावाच्या अंगाला तीच माती काळीभोर ओली असते, पण नकाशात दोघांना एकच रंग.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मातीचा नमुना कुठल्या महिन्यात घेतला. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात वरच्या थरातलं मीठ धुवून खाली जातं किंवा उघाडीतून बाहेर पडतं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात खार जमीन वर्षातली सगळ्यात गोडी असते. मग थंडी सरली, ऊन वाढलं की खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं, मे महिन्यात हे सगळ्यात जास्त. एप्रिल-मेमध्ये शेत मोकळं असतं म्हणून नमुने बहुतेक तेव्हाच गोळा होतात, आणि तुमचा वाल तर नोव्हेंबरात पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतो. मेच्या मिठावरून नोव्हेंबरच्या पिकाला नापास करायचं हे बरोबर नाही, आणि माझं अगदी स्पष्ट मत आहे की ज्या नकाशावर नमुना कुठल्या महिन्यातला आहे हे लिहिलेलं नाही तो किनाऱ्यावर कडधान्यासाठी वापरूच नये.

तुम्ही एवढं करा. भात कापल्या कापल्या आणि मग जानेवारीच्या मध्यावर, असे दोनदा नमुने काढा, उघाडीजवळ, मधोमध आणि वरच्या टोकाला, 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटर वेगवेगळे. पिशवीवर गट नंबर आणि तारीख लिहा. रिपोर्ट आणि जानेवारीतले उभ्या पिकाचे फोटो जोडून अर्ज द्या, नुसतं तोंडी सांगून रंग बदलत नाही.

प्रश्न: मी पुण्यात जीआयएस (संगणकावर नकाशे करायचं तंत्र) शिकतो, गाव माणगावजवळ. प्रोजेक्टसाठी रायगड किनाऱ्यावर वालाला योग्य जमिनीचा नकाशा करतोय. पाऊस, उतार, मातीचा पोत, पीएच, क्षारता, नदीपासून अंतर असे थर घेतलेत आणि एएचपीने वजनं दिलीत. बांगलादेशात किनाऱ्यावर मुगासाठी असे नकाशे करतात, तीच पद्धत इथे चालेल का?

पद्धत चालेल, पण थर तसेच उचलू नकोस. एएचपी म्हणजे थॉमस साटी यांची पद्धत, दोन-दोन घटक समोरासमोर ठेवून कुठला किती महत्त्वाचा ते ठरवायचं आणि त्यातून वजनं काढायची. अडचण त्याच्या पुढच्या पायरीत आहे, आपण प्रत्येक थराचे मार्क त्याच्या वजनाने गुणून बेरीज करतो, आणि बेरजेत काय होतं तर पावसाला चांगले मार्क, उताराला चांगले, पोताला चांगले, म्हणून क्षारतेला शून्य असलं तरी ती जागा 'मध्यम योग्य' होऊन बसते. मिठाने मेलेलं रोप चांगल्या उताराने जिवंत होत नाही ना. म्हणून आधी गाळणी लाव: पेरणीच्या काळात पाणी साचलेलं असेल तर बाद, जानेवारीत क्षारता हद्दीबाहेर असेल तर बाद, कांदळवन असेल तर बाद. उरलेल्या जागेतच वजनं वापर. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या) 1976 च्या जमीन मूल्यमापनाच्या आराखड्यात एस1, एस2, एस3 (चांगली योग्य ते जेमतेम योग्य) आणि एन (अयोग्य) असे वर्ग आहेत, त्यावर काम करणारे बरेच लोक सगळ्यात वाईट घटकावरूनच वर्ग ठरवतात, किनाऱ्यावर तेच जास्त खरं उतरतं.

आणि वार्षिक पावसाचा थर काढूनच टाक. वालाच्या हंगामात आपल्याकडे पाऊस जवळजवळ नसतो, पीक अंगओलीवर, म्हणजे मातीत उरलेल्या ओलाव्यावर, आणि दवावर येतं. वर्षाला 2000 पडला की 3000 याने वालाला काही फरक नाही, फरक पडतो तो पाऊस कधी संपला आणि भात कापायला कधी आला याने, कारण हळवं (लवकर तयार होणारं) भात काढून रान लवकर मोकळं झालं तर ओल मिळते आणि गरवं उशिरा निघालं तर वरचा थर सुकून भेगा पडलेल्या असतात. तू तुझ्या नकाशात 'भात कापणीची तारीख' हा थर घाल, उपग्रहाच्या चित्रांतून खाचर हिरव्याचं पिवळं आणि मग मोकळं कधी झालं ते निघतं.

बांगलादेशाचं म्हणशील तर पटुआखाली, बरगुना भागात आमन (पावसाळी) भातानंतर मूग जानेवारी-फेब्रुवारीत पेरतात आणि एप्रिल-मेमध्ये शेंगा तोडतात. म्हणजे त्यांचं पीक मीठ वर चढायच्या ऐन दिवसांत उभं असतं आणि वर कालबैसाखीच्या (तिकडच्या उन्हाळी वादळांच्या) पावसात शेत तुंबायची भीती. त्यांच्या नकाशात एप्रिलचा पाऊस आणि त्या पाण्याचा निचरा सगळ्यात वर असणार, आपल्या वालाला ते दोन्ही लागू नाहीत. आपल्याला धोका आहे तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या अवकाळीचा, डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला झाला होता तसा, आणि त्यानंतरच्या ढगाळ हवेत येणाऱ्या माव्याचा.

प्रश्न: आमच्या बचत गटाने मुरूडकडे दोन वर्षं भातानंतर वाल आणि घेवडा केला. माती तपासली तर ईसी (मातीतल्या मिठाचं माप) 0.9, रिपोर्टात 'सर्वसाधारण' लिहिलंय. तरी घेवडा पिवळा पडून गेला आणि वालही खुरटला. लॅबची चूक का?

ताई, लॅबची चूक असेलच असं नाही, आकडा कसा वाचायचा हे कुणी सांगत नाही ही खरी गोम आहे. आपल्याकडच्या लॅबमध्ये एक भाग माती आणि दोन-अडीच भाग पाणी ढवळून वरच्या पाण्याची ईसी मोजतात. पिकांच्या सहनशक्तीचे जे आकडे पुस्तकात असतात ते मात्र माती फक्त भिजेल एवढंच पाणी घालून, त्या चिखलातून ओढून काढलेल्या पाण्याचे असतात. पाणी कमी म्हणजे मीठ घट्ट, त्यामुळे त्याच मातीचा दुसऱ्या पद्धतीचा आकडा सहज दुप्पट-तिप्पट भरतो. तुमचा 0.9 तिकडे 2 च्या वर जाऊ शकतो.

आता त्या मापात घेवड्याचं उत्पन्न 1 डेसिसायमनच्या (हे ईसीचं एकक) पुढे गेलं की घटायला लागतं, भाताचं 3 च्या पुढे आणि चवळीचं साधारण 5 च्या आसपास. म्हणजे तुमची माती भाताला ठीक आहे, घेवड्याला नाही. वालही नाजूक गटातच धरून चाला, मिठाने त्याची पानं पिवळी पडतात आणि मुळांवरच्या गाठीही नीट धरत नाहीत, मग नत्राची पण बोंब. त्या तुकड्यात यंदा चवळी घेऊन बघा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण सदाबहारसारखे वाण आहेत, आणि वाल वरच्या, निचऱ्याच्या खाचरात न्या. पुढच्या वेळी लॅबला विचारून रिपोर्टावर पद्धत लिहून घ्या. पनवेलला विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, खाऱ्या मातीचा सल्ला तिथे घेतलेला बरा.

प्रश्न: मी नोकरीला मुंबईत, जमीन पेणजवळ. घरबसल्या फुकटात बघता येईल का कुठे वाल आहे आणि कुठे रान पडीक राहतं?

येईल, आणि वालासाठी तर हे फारच सोयीचं आहे. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी साधारण एक, आणि चौकट 10 मीटर बाय 10 मीटरची. म्हणजे 100 चौरस मीटर, आणि आपला गुंठा 101 चौरस मीटर. एक ठिपका म्हणजे एक गुंठा! दहा-बारा गुंठ्यांचं खाचर असेल तर दहा-बारा ठिपके, त्यातले कडेचे बांधाशी मिसळलेले सोडून द्यायचे आणि मधल्यांवर विश्वास ठेवायचा.

जानेवारीचं चित्र घ्या. ढग नसतात, भात जाऊन पेंढ्याचा रंग सगळीकडे पसरलेला असतो आणि त्यात जे हिरवं दिसतं ते बहुतेक रब्बीचं पीक. दर वर्षीच्या जानेवारीचं एक, अशी पाच-सहा चित्रं शेजारी ठेवा, जी चौकट दर वर्षी हिरवी ती हुकमी जागा, जी कधी हिरवी कधी नाही ती का नाही हे गावात विचारायचं. मात्र हिरवं म्हणजे वाल असं लगेच धरू नका, अलिबागकडे कार्ले-खंडाळ्याच्या बाजूला भातानंतर पांढरा कांदा असतो, ज्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शिवाय भाजीपाला आणि नुसतं गवतही असतंच. महाभूनकाशावरून (सरकारच्या ऑनलाइन गट-नकाशावरून) गट नंबर जुळवा आणि गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा.

हे काम मोठ्या पातळीवर जुनं आहे बरं का. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या लोकांनी 2001 साली उपग्रहचित्रांवरून दक्षिण आशियात भातानंतर पडीक राहणारी सुमारे 1 कोटी 43 लाख हेक्टर जमीन मोजली होती, त्यातली 80 टक्क्यांच्या वर भारतात. तुम्ही तेच तुमच्या गावापुरतं करणार.

प्रश्न: समुद्र वर येतोय म्हणतात, निसर्ग वादळात आम्ही सगळं भोगलं. मग आज काढलेला नकाशा दहा वर्षांनी कामाचा राहील का? (श्रीवर्धन)

दादा, खरं सांगायचं तर दहा नाही, एक खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की तो त्या वर्षीच जुना होतो. खार जमीन उधाणाच्या भरतीपेक्षा खाली असते, ती शेती आहे ती केवळ बांधामुळे आणि उघाडीमुळे. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं तर पुढचे काही पावसाळे मीठ धुवून जाईपर्यंत कडधान्याचं नाव काढू नये. म्हणून योग्य जमिनीच्या नकाशावर बांधांची आणि उघाड्यांची अवस्था पण असायला हवी, कुठली उघाडी गळते, कुठे बांध खचलाय, आणि हे उपग्रह सांगणार नाही, ते फक्त गावकरीच सांगतात.

उंचीचे फुकट नकाशे इथे कामाचे नाहीत हेही लक्षात ठेवा. 2000 सालच्या अंतराळयान मोहिमेतला जो उंचीचा नकाशा सगळे वापरतात त्यात काही मीटरची चूक असू शकते आणि आपली अख्खी खार जमीनच समुद्रापासून दोन-तीन मीटरच्या आत, त्यातून कांदळवनाचे शेंडे पण तो जमीन म्हणूनच मोजतो. त्यावरून 'इतक्या हेक्टरात पाणी शिरेल' असे आकडे कुणी सांगितले तर उंची कशाने मोजली ते आधी विचारा.

बदल किती होतो याचा अंदाज हवा असेल तर बांगलादेशाचं बघा, तिथल्या सरकारी मृदा संस्थेने 1973 मध्ये किनाऱ्यावर 8.33 लाख हेक्टर खारवलेली जमीन मोजली होती, 2009 मध्ये ती 10.56 लाख झाली. त्यांना हे कळलं कारण त्यांनी परत परत मोजलं. आपल्याकडे तालुक्याच्या पातळीवर निदान पाच वर्षांनी एकदा हे व्हायला हवं आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न: बांध फुटून आमच्या जुन्या खाचरात कांदळवन आलंय. नकाशात ती जागा शेतीला योग्य दाखवलीय. तोडून वाल लावता येईल का?

नाही, हात लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. ते नकाशात योग्य दाखवलंय कारण जुनी नोंद भाताची आहे. दुरुस्तीसाठी तलाठ्याकडे आणि कृषी सहाय्यकाकडे लेखी कळवा.

प्रश्न: ई-पीक पाहणीत (सरकारी पीक नोंदीत) वाल लिहायचा का? घरापुरताच तर असतो.

लिहाच, चार गुंठे असला तरी लिहा. 2021 पासून शेतकऱ्याला स्वतः मोबाइलवरून नोंद करता येते, फोटोबरोबर जागेचा ठावठिकाणाही जातो. रायगडात कितीतरी ठिकाणी गाव नमुना 12 वर (सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीत) खरिपाचं भात तेवढं असतं आणि रब्बीचा रकाना कोरा, मग नकाशा करणाऱ्याला वाटतं इथे रब्बीत काही होतच नाही, आणि अवकाळीत शेंगा गेल्या तर भरपाईला पण कागद नसतो. फोटो पीक फुलोऱ्यात असताना, खाचराच्या मध्ये उभं राहून काढा, रेंज नसेल तर नोंद सेव्ह करून घरी आल्यावर अपलोड करा. मुदत दर हंगामात जाहीर होते, ती गावातल्या तलाठ्याकडे विचारून ठेवा.