चहाच्या वेळचा चीजचा तुकडा : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षांची पामेरियन कुत्री आहे. तिचे वजन पाच किलो आहे. संध्याकाळी आम्ही चहाला बसलो की ती पायाशी येऊन बसते आणि चीजचा अर्धा क्यूब घेतल्याशिवाय हलत नाही. कधी मुलगी उरलेला अर्धाही देऊन टाकते. पिझ्झा मागवला की त्याच्या कडाही तिलाच मिळतात. सोसायटीतल्या एका बाईंनी चीज कुत्र्यांना विषासारखे असते असे सांगितले, तर सासरे म्हणतात की दुधाचाच पदार्थ आहे, कॅल्शियम मिळते, खाऊ दे. आम्ही काय समजावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चीज हे कुत्र्यासाठी विष नाही. निरोगी, मोठ्या झालेल्या कुत्र्याने साध्या चीजचा लहानसा तुकडा खाल्ला तर बहुधा काहीही होत नाही. मात्र सासऱ्यांचे कॅल्शियमचे कारणही टिकत नाही, कारण तुमची कुत्री तयार संतुलित खाद्य खात असेल तर तिला वरून कॅल्शियम लागत नाही, आणि घरचा वरणभात किंवा दूधपोळी खात असेल तर त्या आहारातली उणीव अर्ध्या क्यूबने भरून निघत नाही.

दुधाविषयीची भीती बहुतेकांनी ऐकलेली असते. पिल्लू आईला पीत असते तोवर त्याच्या आतड्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर भरपूर असते. पिणे सुटले की ते घटत जाते, कुणात फार तर कुणात थोडे. म्हणूनच एक कुत्रा वाडगाभर दूध पिऊन निवांत झोपतो आणि त्याच घरातल्या दुसऱ्याला चार घोटांनी ढाळ लागतात. परंतु 100 मिलिलिटर दुधात सुमारे 5 ग्रॅम लॅक्टोज असते, तर चेडरसारख्या मुरवलेल्या चीजच्या 100 ग्रॅममध्ये ते एक ग्रॅमही नसते. चीज होताना त्यातले बरेचसे लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जाते आणि उरलेले जिवाणू संपवतात. प्रक्रिया केलेल्या क्यूबमध्ये ते थोडे अधिक असू शकते, तरी दुधाशी त्याची तुलना नाही. तेव्हा तुमच्या कुत्रीच्या बाबतीत मला लॅक्टोजची फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती चरबीची, मिठाची आणि मापाची.

आपल्याकडे मिळणारा क्यूब साधारण 25 ग्रॅमचा असतो. त्यात सहा ग्रॅमच्या आसपास चरबी असते आणि 75 ते 80 कॅलरी असतात. पाच किलोच्या, घरात वावरणाऱ्या कुत्रीची दिवसाची गरज साधारण 350 कॅलरींची धरली आणि वरचा खाऊ एकूण गरजेच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये हा आमच्या व्यवसायातला सर्वमान्य नियम लावला, तर तिच्या वाट्याला दिवसाला 35 कॅलरी येतात. तुमचा अर्धा क्यूब ती मर्यादा एकट्यानेच ओलांडतो. मुलीने पूर्ण क्यूब दिला, तर ते एखाद्या मोठ्या माणसाने दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात काहीही कमी न करता चहाबरोबर पाच-सहा क्यूब खाण्यासारखे झाले. आपण तुकडा तोडतो तो आपल्या हाताच्या मापाने, आणि समोरच्या प्राण्याचे वजन आपल्या बाराव्या हिश्श्याएवढे आहे हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात येत नाही. मिठाचेही तसेच आहे : प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये चवीच्या मिठाखेरीज ते एकजीव राहावे म्हणून घातलेले सोडियमचे क्षारही असतात. निरोगी कुत्रे भरपूर पाणी पिऊन हा जादा भार बाहेर टाकते, पण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला असे चीज देऊच नये. लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाच्या झडपेचा विकार बराच आढळतो, म्हणून वर्षातून एकदा तिची छाती तपासून घ्यावी.

चरबीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्यातला धोका वजन वाढण्यापुरता नाही. एकाच बैठकीत पोटात गेलेल्या भरपूर स्निग्ध अन्नानंतर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला अचानक दाह होतो. मिनिएचर श्नाउझर या जातीत ही प्रवृत्ती जास्त असते, आणि लठ्ठ कुत्र्यांनाही जपावे लागते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आठ वर्षांचा एक पामेरियन आणला होता. आदल्या दिवशी घरात वाढदिवस होता आणि पाहुण्यांच्या ताटल्यांतले वितळलेले चीज त्याने चाटून साफ केले होते. सकाळपासून चार वेळा उलटी झालेली; टेबलावर ठेवताच त्याने पुढचे पाय पसरले, छाती टेकवली आणि मागचा भाग उंच ठेवून तसाच राहिला. घरची मंडळी म्हणाली, हा तर खेळायला बोलावतो आहे. खेळायला बोलावणारा कुत्रा शेपूट हलवतो आणि पुढच्या क्षणी उडी मारतो. हा मात्र हलत नव्हता आणि पोटाला हात लावू देत नव्हता. त्या बसण्यात खेळ नव्हता, पोटातली कळ होती. तीन दिवस सलाइन आणि वेदनाशामके देऊन तो बरा झाला. हे बसणे, वारंवार उलट्या आणि अन्नावरची वासना उडणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

पिझ्झाच्या कडा मात्र आजपासून पूर्ण बंद कराव्यात. तिथे प्रश्न चीजचा नसून कांद्यालसणाचा आहे. या दोहोंतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवून भुकटी केल्याने ती द्रव्ये नाहीशी होत नाहीत, आणि परिणाम लगेच न दिसता काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडणे, धाप लागणे, लघवी तांबूस होणे अशा रूपात दिसतो. लसूण घातलेले चीज स्प्रेडही याच कारणाने वर्ज्य समजावे.

चहाच्या वेळेचा रिवाज मोडण्याची गरज नाही. क्यूब फ्रीजमधून काढल्या काढल्या कापावा, म्हणजे चिकटत नाही. तीन काप उभे, तीन आडवे आणि तीन पसरट दिले की हरभऱ्याएवढे 64 तुकडे होतात आणि प्रत्येकात फार तर सव्वा कॅलरी उरते. असे पाच-सहा तुकडे एकेक करून, मध्ये ‘बस’, ‘थांब’ म्हणत दिले तर तिला सहा वेळा मिळाल्याचा आनंद होतो. कुत्र्याला तुकड्याचा आकार फारसा कळत नाही, किती वेळा मिळाले ते कळते. याहून चांगले म्हणजे साय काढलेले दूध फाडून घरी केलेले, मीठ न घातलेले पनीर. बाजारचे पनीर हलके असते हा समज मात्र सोडावा. आपल्या अन्नसुरक्षा मानकांनुसार साध्या पनीरच्या कोरड्या भागात निम्मा तरी स्निग्धांश असावाच लागतो.

तिला वारंवार कान खाजवण्याची, पंजे चाटण्याची सवय असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या 297 कुत्र्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या होत्या. त्यांत गोमांसाखालोखाल दुग्धजन्य पदार्थांचा क्रमांक होता, सुमारे 17 टक्के, आणि गहूही यादीत वरच होता. आपली दूधपोळी म्हणजे त्यातले दोन एकाच वाडग्यात.

प्रश्न : आमच्या लॅब्राडोरला गोचीडताप झाला असून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस द्यायला सांगितल्या आहेत. गोळी तो थुंकून टाकतो, म्हणून चीजच्या स्लाइसमध्ये गुंडाळून देतो. नऊ दिवस झाले. काल औषधाच्या दुकानात सांगितले की ही गोळी दुधाबरोबर देत नाहीत. चीज चालत असेल ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदाराने योग्य सांगितले, आणि जे दुधाला लागू आहे ते चीजलाही आहे. डॉक्सिसायक्लिन ज्यात मोडते त्या टेट्रासायक्लिन गटातील औषधे कॅल्शियमशी बांधली जातात आणि तेवढा भाग आतड्यातून रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. जुन्या टेट्रासायक्लिनच्या मानाने डॉक्सिसायक्लिनमध्ये हे कमी घडते, त्यामुळे गेलेले नऊ दिवस वाया गेले असे समजून घाबरू नये. परंतु गोचीडतापासारख्या आजारात, जिथे जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि म्हणूनच औषध इतके दिवस द्यावे लागते, तिथे जाणूनबुजून मात्रा कमी करण्यात अर्थ नाही. एन्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांबाबतही हेच पथ्य पाळावे. तुमच्या डॉक्टरांना झालेला प्रकार सांगा. ते रक्तातील प्लेटलेटची तपासणी कदाचित थोडी अलीकडे ओढतील.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण या आजारात ती हमखास निघते. गोचीडतापात रक्त कमी झाले म्हणून लोहाचे टॉनिक बहुधा सोबत दिलेले असते, आणि लोहही या औषधाला बांधून ठेवते. गोळी आणि टॉनिक यांत किती तासांचे अंतर ठेवायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे; मी सोयीसाठी एक सकाळी आणि दुसरे दुपारी द्यायला सांगते.

गोळी रिकाम्या पोटी देऊ नये, नाहीतर उलटी होण्याचा संभव असतो. उकडलेले रताळे, केळ्याचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा मीठमसाला न घातलेले चिकन यांपैकी जे त्याला आवडते त्याचे तीन घास करावेत. पहिला घास रिकामा द्यावा, दुसऱ्यात गोळी असावी आणि तिसरा हातात धरून त्याच्या नाकासमोर ठेवावा. तिसरा दिसत असला की तो दुसरा न चावता गिळतो. लॅब्राडोरचा हावरटपणा एरवी आम्हा डॉक्टरांची डोकेदुखी असतो, इथे तो उपयोगी पडतो. त्यानंतर पाणी प्यायला लावावे, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करणार नाही.

प्रश्न : पेट शॉपमध्ये याकच्या दुधाच्या चीजची कडक कांडी मिळते. आमचे दीड वर्षाचे बीगल ती तासन्‌तास चघळते आणि चपला वाचतात. ती देत राहावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ही छुर्पी. नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागांत याक किंवा चौरी गाईच्या (याक आणि गाय यांच्या संकराच्या) दुधापासून ती करतात : दूध फाडायचे, चोथा दाबून पाणी काढायचे आणि लांब पट्ट्या करून वाळवत ठेवायच्या. तिकडची माणसे तिचा लहान खडा सुपारीसारखा गालात धरून ठेवतात. कुत्र्यांची कांडी हा त्याच पदार्थाचा नवा अवतार असून आता तो परदेशातही बराच जातो. बहुतेक चरबी काढलेल्या दुधाची असल्याने यात स्निग्धांश कमी आणि लॅक्टोज नाममात्र असते, तेव्हा पोटाच्या दृष्टीने ती क्यूबपेक्षा उजवीच म्हणावी लागेल.

माझी तक्रार तिच्या कडकपणाबद्दल आहे. कुत्रे कठीण वस्तू दातांनी फोडते ती वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेने, आणि त्या दाढेचा बाहेरचा पापुद्रा निघून आतला लालसर गर उघडा पडलेली कुत्री आम्ही नेहमी पाहतो. कांडीवर अंगठ्याचे नख जोराने दाबून पाहावे. खूण उमटत नसेल तर ती दातांसाठी फार कठीण आहे. बीगल नुसते चघळत आणि चाटत असेल तर अर्धा तास देऊन काढून घ्यावी, कडाकड फोडू पाहत असेल तर देऊ नये. शेवटी उरलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा ते अख्खा गिळते आणि तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो, तेव्हा तो वेळीच काढून घ्यावा. पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ तापवल्यास तो फुलून कुरकुरीत होतो. पूर्ण थंड झाल्यावर मगच द्यावा, कारण आतून तो बराच वेळ गरम राहतो.

प्रश्न : नाताळात आमच्याकडे स्टिल्टन नावाचे निळे चीज आणले जाते. आमच्या कॉकर स्पॅनियलने एकदा खाली पडलेला तुकडा उचलला आणि त्याला काही झाले नाही. इथल्या मैत्रिणीने मात्र निळे चीज मुळीच नको असे बजावले आहे.
— एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : मैत्रिणीचे ऐकावे. तुम्ही तर स्टिल्टनच्या माहेरीच राहता. डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीन परगण्यांबाहेर केलेल्या चीजला ते नाव लावता येत नाही. त्यातल्या निळ्या शिरा पेनिसिलियम रोकफोर्टी या बुरशीच्या असतात, आणि ही बुरशी रोकफोर्टीन सी नावाचे द्रव्य तयार करते. माणसांना त्याचा त्रास जाणवत नाही, कुत्र्यांना मात्र त्याने उलट्या, अंगाला कंप, ताप आणि जास्त प्रमाणात गेल्यास झटके येऊ शकतात. कोणत्या तुकड्यात ते किती आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून मागच्या वेळी काही झाले नाही हा यंदाचा आधार होत नाही. फ्रीजच्या तळाशी राहून आपोआप बुरशी चढलेले कोणतेही चीज याहून धोक्याचे, कारण तिथे कोणती बुरशी वाढली आहे हेही आपल्याला ठाऊक नसते. ते कचऱ्यात टाकताना डब्याचे झाकण घट्ट लावावे.

पुन्हा तसे घडले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय करू नये. त्या मिठानेच जिवाला धोका होतो. किती खाल्ले याचा अंदाज, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचे वजन कागदावर लिहून घ्यावे, लगेच पशुवैद्याला दूरध्वनी करावा आणि निघताना उरलेले चीज वेष्टनासकट सोबत न्यावे.