ऑब्जेक्ट-झेड: उचल खातं एक की दोन?

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी गावच्या दूध संस्थेचा कारभार तू झेडमध्ये, म्हणजे प्रणाली कशी वागावी हे गणिती चिन्हांत लिहायच्या भाषेत, मांडलास आणि आता सर तिचंच वस्तू व क्लास असलेलं रूप, ऑब्जेक्ट-झेड, घे म्हणतात. क्लासची (एका प्रकारच्या वस्तूंची माहिती आणि क्रिया एकत्र ठेवणाऱ्या साच्याची) चौकट सोडली तर त्यात नवीन काय, असं तू विचारलंयस. बरंच आहे.

झेडमध्ये एखाद्या स्कीमाला (नावं आणि त्यांच्या अटींच्या चौकटीला) डेल्टा, म्हणजे ‘हे बदलू शकतं’ अशी खूण, लावला की त्यातलं सगळंच बदलू शकतं. जे बदलत नाही तेही लिहून सांगावं लागतं. क्वीन्सलँड विद्यापीठात घडलेल्या ऑब्जेक्ट-झेडमध्ये क्रियेच्या डोक्यावर बदलणारी नावं तेवढी द्यायची, त्या वस्तूतलं बाकीचं आहे तसंच राहतं. पण माझ्या मते खरी किंमत आहे ती वस्तूच्या ओळखीला.

करवीर तालुक्यातल्या एका संस्थेसाठी मी दहा दिवसांच्या बिलाचा प्रोग्राम लिहिला होता. गाईचं बिल वेगळं, म्हशीचं वेगळं, उचल दोन्हींतून कापायची. एका सभासदाची ३,००० रुपये उचल बाकी होती. दोन्ही बिलांनी ती बाकी सुरुवातीलाच वाचून ठेवली आणि दोन्हींतून ३,००० कापले गेले. एकेक बिल तपासलं तर बरोबरच दिसायचं. तो म्हातारा माणूस पासबुक घेऊन समोर उभा राहिला, ते अजून मनातून जात नाही.

हेच ऑब्जेक्ट-झेडमध्ये लिहून बघ. बिल क्लासमध्ये ‘खातं : उचलखातं’ लिहिलंस की तिथे खात्याची प्रत येत नाही, खात्याची ओळख येते. मग दोन्ही बिलांचं खातं एकच आहे का, हे तुला लिहावंच लागतं. समजा एकच आहे, आणि गाईच्या बिलातून १,००० व म्हशीच्या बिलातून २,००० कापायचे आहेत. या दोन क्रिया ‘आणि’ने जोडल्यास तर नवी बाकी एकाच वेळी २,००० आणि १,००० असायला हवी. ते अशक्य, म्हणून ती क्रिया घडूच शकत नाही. एकामागून एक अशी जोडणी केलीस की बाकी शून्यावर येते. मी महिनाभर ज्या चुकीमागे फिरलो ती इथे एका ओळीत उघडी पडते.

वारसा, म्हणजे एका क्लासवरून दुसरा (उपक्लास) बनवणं, जपून वापर. उपक्लासमध्ये त्याच नावाच्या क्रियेच्या अटी मूळ अटींना जोडल्या जातात, त्यामुळे उपक्लास मूळ क्लासपेक्षा कडक होऊ शकतो. मग मूळ क्लासच्या जागी तो चालेलच असं नाही.

ऑब्जेक्ट-झेडसाठी साधनं कमीच आहेत. म्हणून वहीत ऑब्जेक्ट-झेड लिही आणि तेच व्हीडीएम++ या तशाच दुसऱ्या भाषेत उतरव. ओव्हरचर हे मोफत साधन ते चालवून दाखवतं. अपरिवर्तनीय अट (जी कायम खरी राहायला हवी ती) मोडली की तिथंच थांबतं. सुरुवात उचलखात्यापासून कर: बाकी कधी शून्याखाली जाणार नाही, आणि कपात बाकीपेक्षा जास्त नसेल. तेवढा एक क्लास लिहून इथे टाक, मी वाचतो.