विचारा बिनधास्त: कॅरमचा टीपॉय, बॅटचा बाक आणि तेल प्यायलेला मल्लखांब

यावेळी पत्रं जवळपास सगळी एकाच जातीची आलीत. मुलं मोठी झाली, नोकरीला बाहेरगावी गेली, माळ्यावर खेळाचं सामान धूळ खात पडलंय, टाकवत नाही आणि भंगारवाला लाकडाला हात लावत नाही, तर याचं काही फर्निचर होईल का? होतं की. फक्त वजन कुठे पडणार ते आधी बघायचं, बाकी रंग-पॉलिश नंतर.

ताई, आमच्याकडे मॅचचा मोठा कॅरम आहे. हॉलसाठी त्याचा टीपॉय करायचाय. सुतार म्हणतो मागून चार पाय ठोकून देतो, तासाभराचं काम. करू द्यावं का? आणि वर काच टाकली तर पुढे कधी खेळता येईल का? (एक वाचक, पुणे)

करू द्या, पण कुठे ठोकतोय ते उभं राहून बघा. मॅच बोर्डचा खेळायचा भाग ७४ सेंमी चौरस असतो आणि प्लाय नियमाप्रमाणे कमीत कमी ८ एमएम, घरगुती बोर्डात तर ४ एमएम पण सापडतो, त्यात स्क्रू काय धरणार? आणि जरा लांब स्क्रू घेतला की टोक वर सोंगट्यांच्या जागी येतं. त्यामुळे पाय बसवायचे ते फक्त चौकटीला. ती लाकडाची पट्टी मॅच बोर्डला साधारण साडेसहा ते साडेसात सेंमी रुंद असते, म्हणजे दीड-दोन इंची चौकोनी पाय खाली आरामात मावतो आणि कोपऱ्यातल्या जाळ्यांना धक्का लागत नाही. नुसते चार पाय लावले तर टीपॉय डुगडुगणारच, म्हणून पायांच्या मधे चारही बाजूंनी आडव्या पट्ट्या टाकून घ्या, आणि उंची सोफ्याच्या बैठकीएवढी किंवा बोटभर कमीच ठेवा, नाहीतर चहाचा कप घ्यायला खांदा उचलावा लागतो.

काचेचं म्हणाल तर बोर्डाची रचनाच आपल्या सोयीची आहे. चौकट खेळायच्या भागापेक्षा दोन-अडीच सेंमी वर असते, तेव्हा काच चौकटीवर टेकते आणि खाली पोकळी राहते, त्यात सोंगट्या, स्ट्रायकर, जुने फोटो जे हवं ते मांडा. ६ एमएम टफन (तापवून मजबूत केलेली) काच पुरते कारण चारी बाजूंनी आधार आहे. माप बाहेरून बाहेर घ्या आणि दोनदा तपासा, टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, फुटून चुरा होतो, कडा घासणं-गोल करणं सगळं आधीच. साधारण ८९ सेंमी चौरसाची ही काच १२ किलोच्या आसपास भरते, म्हणून ती चिकटवू नका, खाली रबराच्या पारदर्शक टिकल्या लावून नुसती ठेवा. खेळायचं त्या दिवशी दोघांनी मिळून उचलायची आणि बाजूला ठेवायची. लहान मूल घरात असेल तर मात्र कोपऱ्यांना क्लिप लावून घ्याच. बोरिक पावडर आधी कोरड्या कापडाने झटका, ओला फडका मारायची घाई नको, प्लाय फुगतो.

दादाच्या जुन्या लेदर बॉलच्या तीन बॅट आहेत. तीन पायांचं स्टूल होईल ना? (कॉलेजला जाणारी वाचक, नाशिक)

होईल, पण मी करणार नाही. बॅटचं पातं विलोचं, हलकं आणि मऊ लाकूड, हँडल वेताचं, आणि दोन्ही एकमेकांत पाचरीसारखी घुसवून गोंदाने जोडलेली. बॅट उलटी करून हँडलवर उभी केली तर बसणाऱ्याचं सगळं वजन त्या जुन्या जोडावर येणार, वेत लवचिक म्हणून स्टूल हलत राहणार. पातं खाली ठेवलं तर खालची कड रोज लादी पुसताना पाणी पीत बसते, मग फुगते आणि चिरते.

त्यापेक्षा बाकाची पाठ करा. बसायची फळी आणि पाय साध्या चांगल्या लाकडाचे घ्या, बॅट उभ्या ओळीत पाठीमागे, सपाट बाजू पाठीकडे, हँडल वर. बोल्टचं भोक मधोमध, जिथे मागचा फुगवटा जाड आहे तिथे पाडा, कडेला अजिबात नको, आणि आधी बारीक ड्रिल मारा, विलो रेषेत सरळ फाटतं. स्टिकर निघत नसेल तर राहू दे ना, तीच तर मजा आहे. शेवटी जवसाच्या तेलाचा हलका हात द्या, पण तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, उघड्यावर पसरून वाळवा मग फेका.

तालमीतला पुरलेला जुना मल्लखांब काढला, तो मला मिळालाय. सागवान आहे, फाडून बेडच्या फळ्या काढू का? पॉलिश कसलं करू? (वाचक, सातारा)

अहो फाडू नका! एक तर खांब वर निमुळता होत जातो, सरळ फळी फार कमी निघेल. दुसरं, त्याला वर्षानुवर्षं एरंडेल चोळलेलं असतं आणि एरंडेल काही वाळत नाही, लाकडात तसंच चिकट राहतं, त्यावर पॉलिश धरत नाही, फेविकॉलही नाही. वरचा थर रंधून काढला तरी आतलं तेल गरमीत परत वर येतं, मग गादीला डाग. जमिनीत गाडलेला भाग वाळवीने खाल्लाय का ते टोच्याने टोचून बघा, मऊ लागला तर तेवढा कापून टाका. उरलेला खांब ओसरीत दोन लाकडी खाचांवर आडवा ठेवून बसायला वापरा, जोडकाम सगळं नट-बोल्टनेच. वरचं गोल बोंड आणि त्याखालची बारीक मान तशीच राहू द्या, खांब कसला आहे ते येणाऱ्याला विचारावं लागणार नाही.

मोडक्या बॅडमिंटन रॅकेटचं काय? (वाचक, पणजी)

स्टीलची असेल तर तारा काढून लंबगोल आरसा बसवा. ग्राफाइटची असेल तर करवत लावू नका, त्याची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते.

आणि २८ इंची स्टंप? (वाचक, सोलापूर)

खालचं लोखंडी टोक काढा, दोन स्टंप आडवे, एकमेकांना समांतर भिंतीला मारा, चपला त्यावर अडकवा.